धरायला काहीतरी

सकाळी सतरंजीवर पाठ टेकून मी दोन्ही गुडघे छातीशी ओढून घेतो. मणक्यातली जागा अरुंद झाली आहे, त्यामुळे पायांत कळा येतात. असं अंगाचं मुटकुळं केलं की जरा बरं वाटतं. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, ताठ चालू नका. काहीतरी धरून, पुढे वाकून घरातल्या घरात फिरा." जन्मभर 'ताठ चाल' म्हणून ऐकलं, आणि आता हे!

धरण्याजोगं घरात एकच होतं, बायकोची व्हीलचेअर. ती गेल्यापासून भिंतीशी घडी करून ठेवलेली. खुर्ची उघडून मागच्या मुठींवर भार टाकला आणि पाय हलके झाले. तिला फिरवत होतो त्या वर्षांत पाठ कधी का कुरकुरली नाही, ते तेव्हा कळलं. "माझ्यापायी तुमची कंबर जायची," असं ती सारखी म्हणायची. अगं, उलटंच होतं. पण हे सांगायचं कुणाला? समोर नुसती रेक्झिनची बैठक.

स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र मी थांबतो, खुर्ची जरा तिरकी घेतो. नाहीतर बायकोचे पाय चौकटीला लागतात.