सोड म्हणजे काय सोडायचं?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तिच्या शेवटच्या आजारपणात नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. भित्र्या माणसाला एवढी सोय लागतेच.

शाळेतून निवृत्त झाले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा विमान शिकायला लागले. सोसायटीत केवढं कौतुक! ग्रुपवर फुलांचे गुच्छ काय, 'काकू, मानलं तुम्हाला' काय. मी ते सगळं घेतलं. कौतुक घ्यायची मला जुनी सवय आहे.

दर शनिवारी पहाटे नाशिकहून गाडी काढायची आणि आग्रा रोडने धावपट्टी गाठायची. वाटेत चांदवड लागतं. तिथे रस्त्याच्या डाव्या हाताला एक पाटी आहे — गांगुर्डे मोटार ड्रायव्हिंग स्कूल. ती जवळ आली की मी उजवीकडे बघत असे. उजवीकडे बघण्यासारखं काही नाही, कांदे साठवायच्या चाळी आहेत.

गांगुर्डे सर म्हणजे माझे पहिले शिक्षक. चौतीस वर्षांपूर्वीचे. चांदवडजवळच्या खेड्यातला माणूस, घरात सायकलसुद्धा उशिरा आलेली, आणि हे विमान शिकवत होते. मी मखमलाबादच्या गुलाबवाल्यांची मुलगी. वडिलांनी हट्ट पुरवला म्हणून तिथे पोचलेली. जुनं विमान होतं, पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. दोघांच्या पुढ्यात विमान चालवायचा एकेक दांडा, पण आतून जोडलेला. एकाने धरून ठेवला की दुसऱ्याचा हलायचा नाही.

विमान शिक्षकाने हातात घ्यायचं असेल तर त्याने 'आय हॅव कंट्रोल' म्हणायचं, असा नियम होता. मला इंग्रजी ऐकलं की धडकी भरायची. तेव्हा मीच — हे लक्षात ठेवा, मीच — सरांना म्हणाले होते, "सर, मला मराठीत सांगा ना." ते हसले. म्हणाले, ठीक आहे, मी 'सोड' म्हटलं की हात काढायचे. आमचं तसं ठरलं. महिनाभर तसंच चाललं. कितीदा त्यांनी 'सोड' म्हटलं आणि कितीदा मी सोडलं!

त्या सकाळी आडवा वारा होता. उतरताना मी विमानाचं नाक फार लवकर वर घेतलं आणि ते हवेतच लटकलं. कानात सरांचा आवाज आला, "सोड." मग पुन्हा, "सोड, सोड."

ऐकलं मी. स्वच्छ ऐकलं. आणि दोन्ही हातांनी दांडा पोटाशी धरून बसले. का? भीती? हो, भीती. पण भीतीचं मी काही सांगणार नाही, त्यातून माझी कीव यायला लागते. विमान दाणकन आपटलं, एक चाक मोडलं, पंख जमिनीला घासत गेला. मला खरचटलंदेखील नाही. सरांचा मणका दुखावला.

चौकशीला तीन साहेब बसले. सरांनी नियमातले शब्द उच्चारले होते का? मी नाही म्हणाले. ते खरंच होतं. मग काय म्हणाले होते? — इथे मी थांबले. घाबरून नव्हे. विचार करून थांबले. मग म्हणाले, "ते 'सोड' म्हणाले. मला वाटलं, थ्रॉटल सोड म्हणताहेत. मी थ्रॉटल सोडला."

इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा तो थ्रॉटल. बघा, किती चपखल बसलं! 'सोड' म्हणजे काय सोडायचं, ते कुठे सांगितलं होतं त्यांनी? आमचं काय ठरलं होतं ते मी बोलले नाही. माझे हात कुठे होते ते मागच्या सीटवरून सरांना दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ठरलेलं त्यांनीही सांगितलं नाही. मला वाचवायला की नियम मोडल्याच्या शरमेने, मला ठाऊक नाही. त्यांची शिकवण्याची परवानगी गेली. मी विमान सोडून बी.एड. केलं आणि तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं. शब्दाचे अर्थ सांगत होते मी, वर्गात उभी राहून!

आत्ताची माझी शिक्षिका तन्वी, सत्तावीस वर्षांची. शेजारी बसते. मागच्या महिन्यात उतरताना तीच चूक झाली, नाक वर. ती म्हणाली, "आय हॅव कंट्रोल." दोनदा म्हणाली. अगदी नियमातलं, स्पष्ट इंग्रजी. मी सोडलं नाही. तिने माझ्या मनगटावर फटका मारला तेव्हा बोटं सुटली. खाली आल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, ऐकू आलं नव्हतं का?"

आलं होतं. दोन्ही वेळा आलं होतं.

त्याच दिवशी शिकणं बंद केलं. परतताना चांदवडला गाडी त्या पाटीकडे वळवली. आज सांगायचंच, असं ठरवून उतरले. सर खुर्चीत बसले होते, पाठीला पट्टा. त्यांनी मला लगेच ओळखलं. चहा मागवला, मुलाबाळांची चौकशी केली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "लय दिवस मनात होतं, पोरी. तुझं काय चुकलं नाय. 'सोड' म्हणलो, पन काय सोड ते नाय म्हणलो. इथं पोरांना गाडी शिकवतो ना, तर पूर्ण वाक्य बोलतो. ब्रेक सोड, क्लच सोड. त्या दिवशी तसं बोललो असतो, तर तुझं उडायचं सुटलं नसतं. माफ कर मला."

मी चहा संपवला. म्हणाले, "जाऊ द्या, सर. झालं ते झालं."

त्यांना धड उभं राहता येत नव्हतं, तरी खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि मला गाडीपर्यंत सोडायला आले.