पडेल कॅसेटचे वकील

आमच्या वरच्या मजल्यावरच्या कांदेवाल्या काकांइतका हट्टी माणूस वाशीपासून पनवेलपर्यंत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. नव्वदच्या दशकात आम्ही वाशीला राहायला गेलो तेव्हा एपीएमसी मार्केटात त्यांचा कांद्याचा गाळा होता आणि डोक्यात एकच खूळ होतं: एका वयोवृद्ध शाहिरांची जुनी कॅसेट. जन्मभर ढोलकी-तुणतुण्यावर स्वतःची गाणी गायलेल्या या शाहिरांनी ऐंशीच्या दशकात एकदाच इलेक्ट्रॉनिक ड्रम, सिंथेसायझर असला सगळा बाजार भरून ती काढली आणि ती साफ आपटली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागला. काका म्हणायचे, "लोकांला काय कळतंय! कंपनीवाल्यांनी वाटोळं केलंय. आतली गाणी सोनं हायत सोनं!"

ते सोनं आम्हाला दाखवल्याशिवाय या साताऱ्याच्या गड्याला चैन पडेना. चहाला बोलवायचे आणि कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत कपाला हात लावू द्यायचे नाहीत. ड्रम डाव्या स्पीकरमधून जास्त येतो म्हणून त्यावर काकूंची नवी उशी दाबून धरायचे, आणि शाहिरांचा आवाज आला की "हां, आता ऐका!" असं एवढ्यांदा ओरडायचे की नेमकी तीच ओळ बुडायची. मार्केटात ट्रक खाली होईपर्यंत ड्रायव्हरचीही सुटका नसे. एकजण म्हणाला, "शेठ, गाणं लई भारी, पन उशीर होतोय." 'लई भारी' तेवढं ऐकून काकांनी पुन्हा पहिल्यापासून लावली.

पुढे कळलं की शाहीर फार थकलेत, पनवेलजवळ नावड्याला लेकीकडे असतात. झालं! त्यांच्या हयातीत त्या गाण्यांना दाद मिळवून द्यायचीच, असा काकांनी पण केला. सेक्रेटरीशी भांडून सोसायटीच्या गणपतीतला ऑर्केस्ट्रा रद्द करायला लावला आणि मार्केटातल्या माथाड्यांच्या भजनी मंडळाकडून ती गाणी नुसत्या टाळ-पखवाजावर बसवून घेतली. कार्यक्रमाला शाहीर पहिल्या रांगेत. गाणी खरंच सुंदर होती हो! टाळ्या थांबेनात. काका छाती काढून शाहिरांपुढे उभे राहिले.

"ग्वाड गायले," शाहीर म्हणाले, "पण ते ढिंच्याक-ढिंच्याक कुठं गेलं?"

"काढलं की आबा! कंपनीवाल्यांनी उगाच..."

"कंपनी नकोच म्हणत होती. मीच हट्टानं घालून घेतलं. जन्मभर लोकांनी माझं गाणं मांडी घालून ऐकलं. वाटलं, एकदा तरी पोरं नाचतील. कुणी नाचलंच नाही."

काकांचा चेहरा पार उतरला. मग खिशातून कॅसेट काढून साउंडवाल्याला म्हणाले, "लाव. फुल आवाज!" मंडप दणाणला. कुणी जागचं हलेना, तेव्हा काका स्वतःच धोतर खोचून नाचू लागले. ताल कुठे, काका कुठे! पण थांबायचं नाव नाही. मग काकू उतरल्या, मग माथाडी, मग सोसायटीतली झाडून सगळी पोरं. शाहीर खुर्चीत टाळ्या पिटत हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

पुढच्या गणपतीला शाहीर नव्हते. काकांनी कॅसेट लावली आणि रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून एकटेच नाचायला लागले. मला काही ते बघवेना. चपला काढल्या आणि मीही उतरलो.