काकूंना दिलेली खोली

दोन हजार आठच्या सप्टेंबरात वादळ येणार म्हणून खाडीकाठच्या लोकांना घरं सोडायला सांगितलं, तेव्हा मी काकूंना फोन केला. काकू निवृत्त बालरोगतज्ज्ञ, आमच्या ओळखीतल्या मराठी लोकांत सगळ्यांत ज्येष्ठ. नवरा गेल्यापासून खाडीजवळच्या घरात एकट्याच राहायच्या.

"आमच्याकडे या. आमचं शुगर लँड किनाऱ्यापासून लांब आहे, इथे काही व्हायचं नाही," मी म्हणाले. त्या एक बॅग, औषधांचा डबा आणि विरजणाचं भांडं घेऊन आल्या. त्यांना मागची खोली दिली, ती सगळ्यांत शांत म्हणून. खिडकीबाहेर ओकचं जुनं झाड होतं.

रात्रभर वारा घोंघावत होता. वीज गेलेली. पहाटे काकू नेहमीसारख्या उठल्या आणि चाचपडत किचनमध्ये आल्या. मी काडीने शेगडी पेटवून चहा केला. त्यांनी पहिला घोट घेतला, तेवढ्यात ट्रक आदळावा तसा आवाज झाला. नवऱ्याने टॉर्च घेऊन मागच्या खोलीचं दार उघडलं. ओक छप्पर फोडून पलंगावर पडला होता. पाऊस सरळ आत येत होता.

काकूंनी डोकावून पाहिलं. "चष्मा आत राहिला," एवढंच म्हणाल्या. मग त्या खुर्चीवर बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना बोलावलं होतं मीच.

दोन दिवसांनी त्यांच्या शेजाऱ्याचा फोन लागला. काकूंच्या गॅरेजमध्ये घोट्यापर्यंत पाणी आलं होतं, बाकी घर जसंच्या तसं. आमच्याकडे मात्र छत गेलं, कार्पेट भिजून वास मारू लागलं, आणि छप्पर दुरुस्त करणारा म्हणाला, नोव्हेंबरच्या आधी जमणार नाही.

"मग आता तुम्ही चला माझ्याकडे," काकू म्हणाल्या.

"काकू, इतके दिवस?"

"मी आले तेव्हा तू विचारलं होतंस का, किती दिवस ते?"

तिकडे वीज आल्यावर आम्ही गेलो आणि सात आठवडे राहिलो. ऑफिसला दीड तास ड्राइव्ह करायचो. त्यांच्याकडे जेवण साडेसहाला, टीव्ही नऊला बंद. नवऱ्याला ते जड गेलं, मला नाही. एकदा भांडी पुसताना मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही पाच मिनिटं उशिरा उठला असतात तर..."

"मला रोज साडेपाचलाच जाग येते. पेशंट संपले, सवय नाही गेली." त्यांनी पुढची ताटली माझ्या हातात दिली.

नोव्हेंबरात आम्ही घरी परतलो. काकू पुढे बऱ्याचदा जेवायला आल्या, पण मुक्काम कधी केला नाही. मीही आग्रह केला नाही.