नागली घेणाऱ्या डॉक्टरबाई

आमच्या डॉक्टरबाई कुणालाही फुकट तपासत नसत आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परतही पाठवत नसत. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात हे नव्या माणसाला कळत नसे. नाशिकच्या त्र्यंबक रोडला, सातपूरच्या अलीकडे, त्यांचा लहानसा दवाखाना होता; बाळंतपणांचा आणि बायकांच्या आजारांचा. हरसूलची एसटी कोपऱ्यावर थांबे आणि डोंगरातल्या बाया उतरून सरळ आमच्या पायऱ्या चढत. कुणाच्या डोक्यावर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, गाठोडं, कुणाकडे वरई, पावसाळ्यात रानभाज्या. ज्याच्याकडे काहीच नसे तो हातानं काहीतरी करून जाई. एका गवंड्यानं बायको आत असताना आमची फुटकी पायरी बसवून दिली. एका सासूनं वॉर्डातल्या सगळ्या गोधड्या उसवून पुन्हा शिवल्या. "रिकाम्या हातानं यायचं नाही," हा बाईंचा नियम. "फुकट घेतलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही. मला तक्रार करणारे पेशंट हवेत."

आलेलं धान्य दवाखान्याच्या मागच्या स्वयंपाकघरात जाई. तिथं एकच चूल, म्हणजे गॅसच, पण बाई तिला चूल म्हणत. एकीनं आणलेली नागली दुसरीच्या ताटात भाकरी होऊन येई आणि कुणाची कुणी खाल्ली याची चौकशी नसे. बाई स्वतः दुपारी तिथंच पाटावर बसून जेवत. मोठ्या घरातल्या होत्या, पण भाकरी मोडताना त्यांची बोटं अगदी हरसूलच्या बायांसारखी चालत.

मी त्यांच्याकडे व्यवस्थापक म्हणून लागलो तेव्हा नुकताच बी.कॉम. झालो होतो. नाशिकरोडच्या वसाहतीत, विहाराला लागून आमची खोली. वडील कारखान्यात होते. माझं सगळं शिक्षण सरकारी शिष्यवृत्तीवर झालं, त्यामुळे सरकारविषयी बाई जे बोलत ते मला लागत असे. त्या सकाळी पेपर मोठ्यानं वाचत आणि वाचता वाचता सरकारची कानउघाडणी करत. पक्ष कुठला, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "एका हातानं साखरेवर कर घेतात, दुसऱ्या हातानं प्रसाद वाटतात. आणि लोक वाटणाऱ्याच्या पाया पडतात," असं काहीतरी. एकदा मला राहवलं नाही.

"बाई, मी सरकारी शिष्यवृत्तीवर शिकलो."

"तू शिकलास, मिलिंदा. शिष्यवृत्ती नाही शिकली. तुझ्याबरोबर ती घेणारे किती होते आणि त्यातले किती शिकले?"

"पण ती नसती तर मी इथं नसतो."

बाई थांबल्या. चष्मा काढून पदरानं पुसला. "हं. हे तुझं खरं आहे," म्हणाल्या आणि पेपरचं पान उलटलं. वाद हरल्याचं त्या असंच कबूल करत.

अर्थसंकल्पाच्या दिवशी त्या ओपीडी लवकर आटपून टीव्हीपुढे विणकाम घेऊन बसत. दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला त्यांनी विणलेलं टोपडं मिळे. भाषणात 'मोफत' हा शब्द आला की सुया थांबत आणि त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत.

"कुणाच्या खिशातून ते सांगितलं का रे?"

"नाही बाई."

"म्हणजे माझे कान अजून ठीक आहेत."

सरकारनं काही करूच नये असं मात्र त्यांचं म्हणणं नव्हतं. सरकारनं रस्ता करावा, साथ आली तर लस टोचावी, डोंगरातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर टिकेल असं घर बांधून द्यावं. "ते राहतं बाजूला आणि माझ्या नि पेशंटच्या मध्ये खुर्ची टाकून बसतात," असं त्या म्हणत. गरिबांच्या मोफत उपचारांची नवी सरकारी योजना आली तेव्हा तर त्या रोज म्हणत. शस्त्रक्रियेचे दर मुंबईत ठरणार, मंजुरी मुंबईहून येणार, पैसे सवडीनं येणार. "मोठ्या हॉस्पिटलांना हे परवडेल. ते दहा ठिकाणी वसूल करतील. आमच्यासारखे चार खाटांचे दवाखाने मरतील, मग सरकार म्हणेल, बघा, खेड्यात खाजगी डॉक्टर नाहीत."

मला हे सगळं म्हाताऱ्या माणसाची कुरकुर वाटे. माझ्या मामांच्या हृदयाचं ऑपरेशन त्याच योजनेतून झालं होतं. मामा सकाळी फिरायला जात होते, हा माझ्यापुरता वादाचा शेवट होता. शिवाय आमच्या खाटा रिकाम्या पडायला लागल्या होत्या. हरसूलची एसटी कोपऱ्यावर थांबे, पण बाया उतरत नसत; पुढं, जिथं योजनेच्या कार्डावर फुकट होतं तिथं जात. अग्निशमनाचा नवा नियम आला, जिना रुंद करा म्हणून. मग कचऱ्याचा नियम आला. मी रोज म्हणायचो, "बाई, योजनेत नाव घालू या." त्या रोज म्हणायच्या, "उद्या बघू."

तो उद्या एका श्रावणात आला. डोंगराकडच्या घरांतलं धान्य तेव्हा सरलेलं असतं आणि नवं यायला वेळ असतो. एक अडलेली बाई जीपमधून आली, फार उशिरा. ती वाचली, बाळ वाचलं नाही. तिच्या आईला बाईंनी विचारलं, आधी का नाही आणलं? म्हातारी खाली बघून म्हणाली, "घरात काय नव्हतं हो बाई. हात हालवत कशी येऊ तुमच्या दारात? नागली उसनी मिळंपर्यंत थांबलो."

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. विणत असलेलं टोपडं सुयांसकट टोपलीत ठेवलं. संध्याकाळी माझ्या टेबलाशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भर तुझ्या योजनेचे कागद." मला आनंद झाला होता हे मी लपवत नाही. कुठल्या दिवशी झाला हे आठवलं की मात्र मान वर होत नाही.

योजनेत गेल्यावर खाटा भरल्या. बाई कामानं कधीच थकत नसत, आता वाट बघून थकू लागल्या. पेशंटचा फोटो चढवायचा, रिपोर्ट चढवायचे, मग मंजुरी येईपर्यंत बसायचं. ऑपरेशनचे कपडे घालून त्या माझ्या संगणकामागे उभ्या राहत. "गाठीला सांग, वरून निरोप आलेला नाही, तोवर वाढू नकोस." मी हसायचो. त्या हसत नसत. पण कुणी पैसे नाहीत म्हणून अडलं नाही, हेही खरं. एखादीला घरी सोडताना त्या माझ्याकडे बघून मान डोलवत. तो माझा विजय असे.

योजनेचा एक कडक नियम होता: पेशंटकडून काही म्हणजे काही घ्यायचं नाही. नियम चांगलाच होता. बाहेर काही दवाखाने योजनेतल्या पेशंटकडूनही वरचे पैसे उकळत होते. मी बाईंना सांगितलं, आता नागलीही नको. त्या म्हणाल्या, "मी मागणार नाही. पण आणली तर परत उचलून डोक्यावर द्यायला मला सांगू नकोस. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

भागीबाई ही हरसूलच्या पुढच्या पाड्यावरची. गर्भाच्या पिशवीत गाठ होती. योजनेतून ऑपरेशन झालं, छान झालं. टाके काढायला आली तेव्हा नागली घेऊन आली, चांगली पायलीभर, पाखडून निवडून. बाईंनी घेतली. डब्यात भरून ठेवली, कारण तोवर स्वयंपाकघर जवळजवळ बंद झालं होतं. पेशंटला डबा ठेकेदाराकडून येई, तोही नियमच.

मग योजनेच्या कार्यालयातून भागीबाईच्या मुलाच्या मोबाइलवर फोन गेला. अशी चौकशी ते करतात. ऑपरेशन झालं का, वागणूक कशी होती, दवाखान्यानं तुमच्याकडून काही घेतलं का? भागीबाईनं ताठ मानेनं सांगितलं, "घेतलं ना. आमी फुकट नाय आलो. पायलीभर नागली दिली, घरची."

आम्हाला नोटीस आली. पेशंटकडून वसुली, खुलासा करा, अन्यथा नाव काढू.

"लिही," बाई म्हणाल्या. "पायलीभर नागली दिली, मी घेतली."

"बाई, असं लिहिलं तर नाव जाईल. दवाखाना बंद पडेल."

"मग काय लिहू? दिली नाही म्हणून? ती बाई अभिमानानं सांगते दिली, आणि मी तिला खोटं पाडू?"

"गैरसमज झाला असं लिहू."

"तिचा काही गैरसमज झालेला नाही. आपल्या सगळ्यांत तिलाच नीट समजलंय."

मी ऐकलं नाही. दवाखान्यावर नर्स, आया, मी, अशी बरीच घरं चालत होती. हेच मी स्वतःला सांगत होतो. बाजाराच्या दिवशी हरसूलला गेलो. भागीबाई मिरच्यांचा वाटा लावून बसली होती. मला बघून उठली, चहा सांगितला, बाईंची विचारपूस केली. मी कागद काढला. त्यात लिहिलं होतं की माझ्याकडून काहीही घेतलं नाही, मी काहीही दिलं नाही, फोनवर चुकून बोलले. मी तो वाचून दाखवला.

तिनं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "म्हंजी मी फुकट आले व्हते?"

"तसं नाही हो मावशी. कागदावर फक्त."

"कागदावर ऱ्हातंच की ते." तिनं मिरच्यांचा वाटा उगाच सारखा केला. "बाईंचं वाईट व्हायला नको. आणा." अंगठा उठवून तिनं बोट लुगड्याला पुसलं. चहा आला तो मी प्यालो. पैसे तिनंच दिले.

दवाखाना वाचला. मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांच्यापासून लपवणं जमलं नसतं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "तुझा दोष नाही रे. कागदाला खूश ठेवायचं काम मीच तुला दिलं होतं. पण तिची नागली तू परत करून आलास."

भागीबाई पुन्हा आली नाही. तिच्या पाड्यावरच्या बायाही आल्या नाहीत, किंवा आल्या असतील तर हात मोकळे ठेवून आल्या आणि खाली मान घालून गेल्या. बाईंनी दिवाळीनंतर स्वतःच दवाखाना बंद करायचं ठरवलं. कुणी काढलं नाही, कुणी दंड केला नाही. "मला कंटाळा आलाय," एवढंच कारण त्यांनी सगळ्यांना दिलं. ज्या माणसाला मी कधी जांभई देताना पाहिलं नव्हतं, त्या माणसाचं हे कारण मला मान्य करावं लागलं. जागा एका तपासणी केंद्राला गेली. काचेचं दार आलं, आणि गवंड्यानं बसवलेली पायरी ग्रॅनाइटखाली गेली.

बाई बहिणीकडे पुण्याला निघाल्या त्या दिवशी मी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"रिकाम्या हातानं आलास?"

हा नियम मलाही लागू आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"असू दे. ती पेटी खाली ने. म्हणजे फुकट भेटलास असं व्हायचं नाही."

पेटी जड होती, पुस्तकांची असावी. जिन्याच्या वळणावर मी दम घ्यायला टेकलो, तर वरून आवाज आला, "थांब, थांब जरा. थांबायला कुणाची मंजुरी लागत नाही." मला हसू आलं, आणि मग जिन्यातच थोडा वेळ बसावं लागलं. तोच तो रुंद न केलेला जिना.

गाडीत बसताना त्यांनी एक डबा माझ्याकडे दिला. भागीबाईची नागली. "हिची भाकरी कर आणि खा. वाया घालवू नकोस. आणि हरसूलला जा एकदा. पण जाशील तेव्हा रिकाम्या हातानं जाऊ नकोस."

गेल्या वर्षी बाई गेल्या. मला फोनवर कळलं.

मी आता महामार्गावरच्या एका मोठ्या रुग्णालयात योजनेच्या खिडकीवर बसतो. काम चांगलं आहे. माणसं मरायला टेकलेली येतात आणि चालत घरी जातात, तेव्हा बाई पूर्ण बरोबर होत्या असं मला म्हणवत नाही. पण त्यांच्या ओळखीचे लहान दवाखाने एकेक करून बंद झाले, आणि दुपारपर्यंत मंजुरीची वाट बघणाऱ्या बाकावरच्या माणसांकडे पाहिलं की त्या पूर्ण चूक होत्या असंही म्हणवत नाही. घरी सोडताना प्रत्येकाला मला विचारावं लागतं, आमच्यापैकी कुणी तुमच्याकडे काही मागितलं का, तुम्ही काही दिलं का? सगळे नाही म्हणतात. खरंच दिलेलं नसतं.

भाकरी मी केली होती. बायकोला दवाखान्यातल्या भाकरीसारखी जमली नाही म्हणून मीच थापली. डबा धुऊन फळीवर ठेवला आहे. हरसूलची एसटी आमच्या रुग्णालयासमोरून जात नाही, पण सुट्टीच्या दिवशी सीबीएसवर, शहरातल्या मध्यवर्ती एसटी स्टँडवर, जाऊन ती मी दोनदा बघून आलो. चढलो नाही. भागीबाईसाठी काय न्यायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.