बसलेल्या राजांचा देश

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत, बसवतात. आंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. मान पडू नये म्हणून मागून कापड बांधतात, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, बसलेलाच उचलून मिरवत नेतात आणि खड्ड्यातही बसवूनच बेलपानं, विभूती, मीठ घालून माती देतात. आमच्या गावी, दिंद्रुडला, आमच्यासारखी दुकानदारी करणारी लिंगायत घरं होती, त्यामुळे गल्लीत याचं कुणाला काही वाटत नसे. शाळेत मात्र वाटे. चुलत आजोबा गेले तेव्हा मी पाचवीत होते. बाकावरची मैत्रीण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमच्यातले मेलेले बसून ऱ्हातेत म्हणं. मंग कटाळा आला की उठून घरी येत असतेन." वर्ग खिदळला. मी तिच्या डोक्यात कंपासपेटी घातली. छड्या मला पडल्या, आणि त्यानंतर आमच्यातलं काहीही कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

मी बारावी झाले तेव्हा दिवस बदलत होते, निदान सगळे तसं म्हणत होते. गावात एसटीडीचा पिवळा बूथ आला, पत्र्यांवर डिशच्या छत्र्या आल्या, घराला लागूनच असलेल्या आप्पांच्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या. माजलगावात औषधाच्या दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास निघाला. कॉम्प्युटर शिकलेल्या पोरीला स्थळं चांगली येतात असं कुणीतरी आप्पांच्या डोक्यात भरवलं. लोणच्याला बरणी लागते तसा मुलीला कॉम्प्युटर लागायला लागला होता. आप्पांनी मला तिथं घातलं आणि मी एसटीने माजलगावला जायला लागले.

तिथले सर पुण्याला दोन-तीन वर्षं काढून आलेले. चपला बाहेर काढायच्या, हात पुसायचे, आणि मशीनला धूळ लागू नये म्हणून पडदे लावलेल्या खोलीत देवघरात बसल्यासारखं बसायचं. शनिवारी शेवटचा अर्धा तास सर गेम लावू देत. त्यांनी पुण्याहून एक सीडी आणली होती. एक टोपीवाला माणूस डोंगरातल्या गुहांमधून सोनं शोधत हिंडतो, असा तो गेम. पोरं त्याच्यावर तुटून पडत. आम्हा मुलींना मागं उभं राहून बघायची मुभा होती, म्हणजे फार उपकारच. एका शनिवारी मी सरळ जाऊन खुर्चीत बसले. मागून एकजण म्हणाला, "उठ बे, तुला काय कळतंय त्याच्यातलं?" बाईमाणसाला बे म्हणतो म्हणून मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा बोलला नाही.

गुहेच्या तिसऱ्या दालनात टोपीवाला शिरला आणि मशाल पेटली. भिंतीला ओळीने कोनाडे होते. प्रत्येक कोनाड्यात एक मेलेला राजा. गुडघे पोटाशी घेऊन, अंगावर भारी कापड, बसलेला.

बसलेला!

मागून पोरं ओरडत होती, फोड, फोड त्याला, आत सोनं हाय. ते राजे फोडले की गुण मिळत. माझा हात मात्र आपोआप गळ्यातल्या लिंगाकडे गेला आणि मी त्या काचेला नमस्कार केला. सगळी खोली हसली, सरसुद्धा. वेळ संपला, टोपीवाला तिथेच मेला. मला त्याचं काही वाटलं नाही. त्याची तीच लायकी होती.

प्रत्येक दालनाआधी पडद्यावर इंग्रजी मजकुराचं एक पान येई. पोरं ते न वाचताच बटण दाबून पुढे जात. मी पुढच्या शनिवारपासून डिक्शनरी घेऊन जायला लागले आणि माझी पाळी आली की फक्त ती पानं वाचायला लागले. खेळायचेच नाही. पोरांना हे फार आवडलं, कारण उरलेला वेळ त्यांना मिळे. त्या पानांवर लिहिलं होतं की समुद्रापलीकडे पेरू नावाच्या देशात इंका लोकांचं राज्य होतं. त्यांचे राजे मेल्यावर पुरत नसत. त्यांना वाळवून, कपडे घालून राजवाड्यातच बसवून ठेवत. रोज त्यांच्यापुढे जेवण ठेवत, सणाला चौकात आणून मांडत. मेलेल्या राजाची जमीन, नोकरचाकर, सगळं त्याच्याच नावावर राही. त्याच्या शेजारी एक माणूस नेमलेला असे. राजाला काय म्हणायचं आहे ते तो माणूस बोलून दाखवी, आणि जिवंत राजालाही ते ऐकावं लागे.

एसटीत बसून मी माझी मीच हसले असेन. ज्याच्यापायी मी छड्या खाल्ल्या होत्या ते जगात आणखी कुणीतरी करत होतं, आणि ते राजे होते. मला तेव्हा शंभर टक्के वाटलं की हे आमचेच लोक. कधीतरी कुठूनतरी समुद्र ओलांडून गेलेले लिंगायत. दुसरं कोण बसवणार मेलेल्याला?

आप्पा दुकानाच्या फळ्या लावत होते तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ते फळी हातात धरूनच ऐकत राहिले. "पेरू? खायचा पेरू?" असा एक विनोद त्यांनी केलाच. पण दुसऱ्या दिवशी घरी पूजेला आलेल्या स्वामींना त्यांनी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. स्वामींनी ते पुढच्या गावात सांगितलं. आठवडी बाजारापर्यंत अख्ख्या दिंद्रुडात झालं होतं की अमेरिकेकडं लिंगायत राजे होते आणि किराणावाल्याच्या पोरीनं ते कॉम्प्युटरमध्ये बघितले. मी डोक्याला हात लावला. तोवर मी आणखी पानं वाचली होती. "आप्पा, ते सूर्याला पूजत होते. त्यांचा आपला काही संबंध नाही."

"सूर्य काय आन शिव काय," आप्पा म्हणाले. "बसतेत का न्हाई?"

"बसतात."

"मंग झालं तर."

त्यानंतर ते आमचं ठरूनच गेलं. फळ्या लावताना आप्पा विचारायचे, "मंग, आज काय म्हणले तुझे राजे?" आणि मी सांगायचे. चौथी शिकलेला माझा बाप, कधी लातूरच्या पुढं गेला नाही, पण त्याला त्या राजाच्या शेजारी बसणाऱ्या माणसाचं फार कौतुक. त्याला कसं कळत असेल राजाच्या मनातलं? खोटं बोलला तर? एकदा ते म्हणाले, "असा माणूस पायजे गं प्रत्येकाला." आई चुलीपाशी बसून ऐकायची. बोलायची काही नाही. ती कधीच काही बोलायची नाही.

गेमच्या शेवटच्या पानावर जे होतं ते मात्र मी आप्पांना सांगितलं नाही. जहाजातून परके लोक आले, त्यांनी सोन्यासाठी राज्य बुडवलं. काही राजे जाळले. उरलेले शोधून काढून दूरच्या शहरात नेले, आणि ते पुढे कुठे गेले कुणालाच माहीत नाही. आप्पांना वाईट वाटलं असतं. त्यांच्यासाठी ते राजे तसेच बसलेले राहिले.

मी बी.ए.ला इतिहास घेतला. घरचे हसले. काका, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, म्हणाले, "इतिहास काय चुलीत घालायचा का?" कॉलेजच्या इतिहासात इंका लोकांवर एक परिच्छेद होता आणि शिकवणाऱ्या सरांनी तो परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिला. ग्रंथालयाच्या कपाटांना कुलूप असे. मी तिथल्या माणसाच्या मागं लागून लागून एक जाड पुस्तक काढायला लावलं. त्यात अर्धं पान होतं. ते अर्धं पान मी इतक्या वेळा वाचलं की मला पाठ झालं, आणि त्यातच मला कळलं की हे शोधून काढणं हे काही माणसांचं काम असतं. तेच करत बसलेली माणसं असतात जगात. मला ते काम हवं होतं. आयुष्यात मला दुसरं काहीही इतकं हवंसं वाटलं नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. त्यासाठी औरंगाबादला विद्यापीठात जाऊन एम.ए. करायला लागणार होतं.

बी.ए.च्या निकालाच्या दिवशी मी आप्पांना विचारलं. त्यांनी शेवटची फळी लावली, हात झटकले. "जा," ते म्हणाले. "इकडचं मी बघतो. भावाला बी मीच सांगतो." आई दारात परात घेऊन उभी होती. आप्पांनी तिच्याकडे बघून म्हटलं, "ऐकलं का? पोरगी औरंगाबादला चालली." आई हसली. मला तिचं ते हसू स्वच्छ आठवतं.

आप्पांनी काकांना सांगितलं नाही. त्याच आठवड्यात दुकानात पोतं उचलताना खाली बसले ते उठलेच नाहीत. बीडला नेईपर्यंत संपलं होतं सगळं.

आप्पांना बसवलं. मान पडत होती, म्हणून कापड बांधलं. मी समोर बसून त्यांच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, आता बोलतील. लोक रडत होते. मला रडू येत नव्हतं, मी कान देऊन बसले होते.

माणूस गेल्यावर घालतात ते गणाराधनेचं जेवण उरकलं, पाहुणे हात पुसत ओसरीवर टेकले आणि काकांनी विषय काढला. "वर्षाच्या आत पोरीचं उरकून टाकावं लागतंय. न्हाईतर तीन वर्षं थांबा." आमच्या लोकांना आपल्यात सुतक नाही याचा केवढा अभिमान. जन्माचं नाही, मरणाचं नाही, कसलाच विटाळ नाही, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. आणि त्या दिवशी शेजारच्यांचा नियम पाट मांडून घरात बसवला.

"आपल्यात कुठं सुतक हाय, काका?" मी म्हणाले.

"सुतक न्हाई," काका म्हणाले, "पण लोक हायेत."

"आप्पांनी मला औरंगाबादला जा म्हणून सांगितलंय."

ओसरीवरचे पाहुणे काकांकडे बघायला लागले. काकांना ते खोटं वाटलं असेल असं नाही, पण त्यांनी विचारलं, "कवा? आमाला तर काई बोलला न्हाई भाऊ."

"निकालाच्या दिवशी. आईला विचारा."

सगळ्यांनी आईकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उरलेली बेलपानं निवडत होती. तिने मान वर केली नाही. माझा मोठा भाऊ तिच्या शेजारीच बसला होता. दुकान आता काका आणि तो बघणार होते, आणि आई त्यांच्यात राहणार होती. तिने एक पान उलटून बघितलं, किडकं होतं ते बाजूला टाकलं.

"मला न्हाई आठवत," ती म्हणाली.

मी तळवाड्याला दिली गेले. नवऱ्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, मीच त्याच्याशी कधी नीट वागले नाही. लग्नाच्या बोलणीत मला कॉम्प्युटर येतो हे आवर्जून सांगितलं होतं, आणि इतक्या वर्षांत त्या घरात कुणी मला एक अक्षर टाइप करायला सांगितलेलं नाही. आता मोबाईलवर सगळं मिळतं. मी एकदा बघितलं. इंका लोकांवर इतकं काही आलं की ते खाली सरकवता सरकवता माझं बोट थांबलं. ते सगळं कुणीतरी शोधून काढलेलं होतं. मी फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. पुन्हा कधी बघितलं नाही.

आईचा मला राग होता. आहे. गेल्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली म्हणून मी दिंद्रुडला गेले. भावजय शेजारी गेली होती. मी आईला भिंतीला टेकवून बसवून पेज भरवत होते आणि ती मध्येच म्हणाली, "म्हणले होते तुझे आप्पा. जा म्हणले होते. मी दारातच हुते."

मी चमचा वाटीत ठेवला. "मग तेव्हा कावून बोलली न्हाईस?"

"कुणाच्या घरात ऱ्हायाचं हुतं मला?"

मी पुन्हा चमचा भरून तिच्या तोंडाशी नेला. ती खरं तेच बोलत होती, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता. तिने पेज गिळली. मग म्हणाली, "ते राजे हुते न्हवं तुझे. त्यायचं पुढं काय झालं गं? तुझे आप्पा लई सांगायचे झोपताना."

मग मी तिला ते शेवटचं पान सांगितलं. परके आले, काही राजे जाळले, काही नेले.

"आन त्यायच्या वतीनं बोलायचा तो माणूस?"

"ते नाही लिहिलेलं कुठं. घाबरला असेल. गप्प झाला असेल."

आई पत्र्याकडे बघत राहिली. "मंग राजे नुस्तेच बसले," ती म्हणाली.

मी वाटी बाजूला ठेवली, तिचं तोंड पुसलं आणि तिला आडवं केलं.