कोठीभर धान

पुराच्या दिवसांत कुणापुढे हात पसरायचा नाही, असं बाबांनी एका उन्हाळ्यात ठरवलं आणि बालाघाटच्या आमच्या घरात सालासकट धानाची भलीमोठी कोठी भरली. कंदील आले, रॉकेलचा डबा आला. जागा हवी म्हणून आईचं उखळ-मुसळ तेवढं भांडी घासणाऱ्या बाईंना देऊन टाकलं.

"लाइट गेली तं?" आईनं विचारलं.

"गिरणी असताना हे कायले पाह्यजे?" हे म्हणे बाबांचं उत्तर!

त्याच पावसाळ्यात वैनगंगा चढली, वीज गेली, धान सडायची गिरणी बंद. पाचव्या दिवशी घरातले तांदूळ संपले. कोठी धानानं गच्च, आणि शिजवायला दाणा नाही! शेवटी आई त्याच बाईंच्या घरी गेली, स्वतःचंच मुसळ मागायला. दुपारभर तिथे धान कांडलं, तळहातांना फोड आले, तेव्हा कुठे चूल पेटली.

बाबांनी पहिला घास घेतला. "पाह्यलं? माही तयारी कामी आली का नाही?"

आईनं फोड आलेल्या हातानं त्यांना आणखी भात वाढला. बाबांचा मला आजही संताप येतो. पण त्याहून जास्त माझा येतो. कारण भरल्या तोंडानं "हौ बाबा" म्हणणारी मीच होते.