सुतळीने बांधलेलं बटण

माझा योगेश सातपूरला एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर. बारा वर्षं चोख काम केलं. दिवाळीनंतर त्याला लाइन इन्चार्ज केलं आणि तिथून हे सुरू झालं. माणसांना "भरभर हात उचला" म्हणायला उभा राहिला, की छातीत धडधड, हातपाय गार, "बाबा, मी मरतोय!" ईसीजी तीनदा काढला, तिन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हा पॅनिक डिसऑर्डर, इंदिरानगरला मानसोपचाराच्या वेदिका मॅडमकडे जा. नोकरी टिकवायची, तर जाणं भाग होतं.

तिथे करतात काय? बोलतात! आठवड्यातून दोनदा, पाऊण पाऊण तास. एकट्याने गाडी चालवायला तो घाबरतो, म्हणून मी नेतो आणि बाहेर बाकावर बसतो. एकदा विचारलं, "कशावर बोलता रे एवढं?" तर म्हणे, "तुमच्यावर." घ्या! धडधड ह्याला आणि चौकशी माझी! डोकंच फिरलं माझं.

मीही प्रेसवरचाच. उजव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. त्या दिवशी माल लवकर निघावा म्हणून मी एक बटण सुतळीने दाबून बांधलं होतं. घरी सांगितलं, मशीन बिघडलं.

परवा योगेश डोळे लाल करून बाहेर आला आणि जिन्यातच थांबला. "बाबा, त्या सकाळी मी सायकलसाठी गोंधळ घातला होता. म्हणून तुम्ही ओव्हरटाइमला थांबलात. माझ्यामुळे तुमची बोटं गेली. आता मी दुसऱ्यांना घाई करतो, तेव्हा तेच आठवतं."

मी चाटच पडलो. दहा वर्षांचं होतं तेव्हा पोरगं!

"वेडा आहेस का? बटण मीच बांधलं होतं. रोजच बांधायचो!"

 तो भडकला, माझ्यावर, जन्मात पहिल्यांदा. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी घाबरून विचारलं, "धडधडतंय का रे?" म्हणाला, "नाही." बरं झालं की बिघडलं, काही कळेना. गाडी त्यानेच चालवली, मी मागे बसलो.

पण रोज बांधायचो हे खोटं आहे. त्याच दिवशी पहिल्यांदा बांधलं होतं, त्याची सायकल डोक्यात घेऊन. आता हे त्याला सांगू की नको? मॅडमना विचारलं असतं, पण मी बाहेरच्या बाकावरचा माणूस.